टँकरमधलं पाणी, यानातलं इंधन

केनवडच्या रस्त्यावर अर्धा भरलेला पाण्याचा टँकर ब्रेक लावतो, तेव्हा आतलं पाणी पुढे चढतं. वेग दर सेकंदाला 2 मीटर प्रति सेकंदाने घटत असेल, तर पृष्ठभाग साधारण 11.5 अंशांनी कलतो. पाणी असो की डिझेल, कल तोच!

इंजिन बंद करून तरंगणाऱ्या यानात मात्र ‘खाली’ ही दिशाच उरत नाही. तिथे पृष्ठताणाचं राज्य: इंधन टाकीच्या भिंतींना चिकटतं, मधोमध वायूचा फुगा. तो नळीत शिरला तर इंजिन नीट पेटत नाही. म्हणून चांद्रमोहिमांतल्या सॅटर्न-5 रॉकेटचा तिसरा टप्पा पुन्हा पेटवण्याआधी छोटी इंजिनं चालवून इंधन तळाशी बसवत. अनेक उपग्रहांच्या टाक्यांत आता बारीक जाळ्या आणि पाती इंधन नळीच्या तोंडाशी धरून ठेवतात.