कपाटातला टॅब म्हातारा का होतो?

जून महिन्यात शाळा उघडते तशी शाळेची कपाटेही उघडतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका शाळेत मी गेलो असताना एका लोखंडी कपाटातून वीस टॅब बाहेर निघाले. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर ते देणगीतून मिळालेले होते. वर्ग नियमित सुरू झाल्यावर ते हरवू नयेत, फुटू नयेत म्हणून बाईंनी ते पूर्ण चार्ज केले, पुसले, खोक्यांत भरले आणि कुलूप लावले. मध्ये दोन उन्हाळे गेले. आता चार्जरला लावल्यावर वीसपैकी अकरा सुरू झाले. सात काळेच राहिले. उरलेल्या दोघांची पाठ इतकी फुगली होती की पडदा चौकटीतून सुटू लागला होता. सुरू झालेल्या अकरांपैकी बऱ्याच टॅबवर कोणतेही संकेतस्थळ उघडेना.

बाईंच्या हातात डेडस्टॉक रजिस्टर होते आणि चेहऱ्यावर काळजी. त्या म्हणाल्या, "सर, यांना कोणी हातही लावला नाही. मग बिघडले कसे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. खुर्ची, नकाशा किंवा तराजू कपाटात ठेवला तर तो टिकतो. टॅब मात्र न वापरताही म्हातारा होतो, आणि तोही दोन प्रकारे: एक त्याच्या बॅटरीत, दुसरा त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये. हे दोन्ही प्रकार समजून घेऊ या.

बॅटरीच्या आत काय असते?

टॅब आणि मोबाइलमध्ये लिथियम-आयन घट असतो. त्याच्या ऋण अग्रावर ग्रॅफाइट असते, तर धन अग्रावर बहुधा कोबाल्टसारख्या धातूचे लिथियमयुक्त ऑक्साइड. दोन्ही पदार्थ पुस्तकाच्या पानांसारखे थरांचे बनलेले आहेत. मध्ये सच्छिद्र पडदा आणि लिथियमचा क्षार विरघळवलेला सेंद्रिय द्रव असतो. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडच्या थरांतून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. टॅब वापरताना ते उलट परततात आणि इलेक्ट्रॉन बाहेरच्या मंडलातून फिरून काम करतात. ग्रॅफाइट पूर्ण भरले की सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम असे प्रमाण होते.

ही कल्पना प्रत्यक्षात यायला दोन दशके लागली. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातू वापरून असा घट केला, पण धातुरूप लिथियममुळे आगीचा धोका होता. १९८० मध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबाल्ट ऑक्साइडचे धन अग्र सुचवले. १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी लिथियम धातूऐवजी कार्बनचे ऋण अग्र वापरले. १९९१ मध्ये सोनी कंपनीने असा घट बाजारात आणला. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या घटात ऊर्जा किती मावते? टॅबवर ५००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असेल तर ते ५ अँपिअर-तास झाले. सरासरी विभवांतर ३.७ व्होल्ट धरले तर ५ × ३.७ = १८.५ वॉट-तास, म्हणजेच १८.५ × ३६०० = ६६,६०० ज्यूल. साठ किलोग्रॅम वस्तुमानाचा माणूस सुमारे १११ मीटर, म्हणजे दीड कुतुबमिनार, वर उचलायला एवढी ऊर्जा पुरेल. तळहाताएवढ्या पातळ पाकिटात ती कोंडलेली असते. बॅटरीची काळजी का घ्यायची, हे या एका गणितावरून वर्गाला पटते.

पडून राहिल्याने काय होते?

घट पहिल्यांदा चार्ज होतो तेव्हा ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर द्रवाचा थोडा भाग विघटित होऊन एक अतिपातळ थर तयार होतो. हा थर उपकारक असतो. तो लिथियमच्या आयनांना आत-बाहेर जाऊ देतो, पण द्रवाचे पुढील विघटन थोपवतो. मात्र तो पूर्णपणे थोपवत नाही. थर सावकाश जाड होत राहतो आणि दर वेळी थोडे लिथियम त्यात कायमचे अडकते. तेवढे लिथियम पुन्हा कामाला येत नाही. घटाची क्षमता कमी होण्याचे हे एक मुख्य कारण आहे, आणि ही अभिक्रिया टॅब बंद असतानाही चालू राहते.

तिचा वेग दोन गोष्टींनी वाढतो. पहिली गोष्ट उष्णता. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की अनेक रासायनिक अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम आपण शिकवतोच. पत्र्याच्या छपराखालच्या लोखंडी कपाटात मे महिन्यात किती तापमान असेल याचा अंदाज विदर्भ-मराठवाड्यातील शिक्षकांना सांगायला नको. दुसरी गोष्ट पूर्ण चार्ज. घट शंभर टक्के भरलेला असताना विभवांतर ४.२ व्होल्ट किंवा त्याहून थोडे अधिक असते. अशा अवस्थेत धन अग्राचे ऑक्सिडीकरण करण्याचे सामर्थ्य वाढते, द्रवाचे विघटन होते आणि त्यातून वायूही निघतात. पाकीट हवाबंद असल्याने वायू बाहेर पडू शकत नाहीत आणि बॅटरी फुगते.

म्हणजे बाईंनी काळजीपोटी जे केले, ते पूर्ण चार्ज करून गरम जागी ठेवणे, नेमके तेच बॅटरीला सोसत नाही.

काळे पडदे

मग सात टॅब सुरूच का झाले नाहीत? बंद टॅबमधूनही थोडा विद्युतभार सतत खर्च होतो. काही घटाच्या आत आपोआप, काही संरक्षक मंडलासाठी आणि घड्याळासाठी. महिन्याला काही टक्के घट झाली तरी दोन वर्षांत बॅटरी रिकामी होते. विभवांतर ठरावीक मर्यादेखाली गेले की संरक्षक मंडल घटाचा संबंध तोडते. ही सोय मुद्दाम केलेली आहे, कारण विभवांतर फार खाली गेले तर ऋण अग्रामागचा तांब्याचा पत्रा द्रवात विरघळू लागतो. पुढे चार्ज करताना ते तांबे भलत्याच ठिकाणी साचते आणि घटाच्या आतच लघुपथन होऊ शकते.

असा टॅब योग्य चार्जरला लावून तास-दीड तास समोर बसून पाहावा. काही वेळा तो हळूहळू जागा होतो. गरम होऊ लागला तर लगेच काढावा. रात्रभर लावून घरी जाऊ नये.

बॅटरी म्हातारी झाली की तिचा अंतर्गत रोधही वाढतो. समजा, टॅबला क्षणभर २ अँपिअर विद्युतधारा लागली. अंतर्गत रोध ०.१ ओहम असेल तर ०.२ व्होल्टची घट होईल. रोध ०.३ ओहम झाला तर ०.६ व्होल्टची. ३.७ व्होल्टवरून विभवांतर एकदम ३.१ वर येईल आणि तीस टक्के चार्ज दाखवणारे यंत्र अचानक बंद पडेल. याच कारणाने ॲपल कंपनीने २०१७ मध्ये एका अपडेटद्वारे जुन्या बॅटरीच्या आयफोनचा कमाल वेग मर्यादित केला. ग्राहकांना हे स्पष्ट सांगितले नव्हते, म्हणून मोठी ओरड झाली. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने क्षमा मागितली आणि बॅटरी बदलण्याचा खर्च ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. फोन संथ झाला म्हणजे फोनच बदलायला हवा असे नाही. पुष्कळदा बॅटरी बदलणे पुरते.

सॉफ्टवेअर कसे म्हातारे होते?

आता दुसरे म्हातारपण. सॉफ्टवेअर गंजत नाही, झिजत नाही. दोन वर्षांपूर्वीचा कार्यक्रम आजही अक्षर न् अक्षर तसाच असतो. बदलते ते बाहेरचे जग.

पाठ्यपुस्तक छापल्यावर चुका लक्षात येतात आणि शुद्धिपत्र निघते. अपडेट म्हणजे सॉफ्टवेअरचे शुद्धिपत्र. मात्र एक फरक आहे. पुस्तकातील छपाईच्या चुकीचा कोणी गैरफायदा घेत नाही, सॉफ्टवेअरमधील चुकीचा घेतात. २०१५ च्या जुलै महिन्यात अँड्रॉइडमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाने ओळखली गेलेली त्रुटी जाहीर झाली. चित्रफितीचा एक संदेश पाठवून फोनमध्ये शिरकाव करता येणे त्यामुळे शक्य होते. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गूगलने दरमहा सुरक्षा-शुद्धिपत्रे काढण्यास सुरुवात केली.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. शुद्धिपत्र निघाले की कोणत्या कुलपात दोष होता हे चोरालाही कळते. ज्याने ते बसवले तो सुरक्षित होतो आणि ज्याने बसवले नाही तो पूर्वीपेक्षा अधिक धोक्यात येतो. म्हणून 'माझे व्यवस्थित चालले आहे, अपडेट कशाला' हा विचार बरोबर नाही.

आता त्या अकरा टॅबचे पाहू. सुरक्षित संकेतस्थळ उघडताना टॅब त्या स्थळाचे प्रमाणपत्र तपासतो. आपण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्का आणि तारीख पाहतो, तसेच हे. प्रमाणपत्राला मुदत असते आणि ते देणाऱ्या विश्वासू संस्थांची यादी टॅबमध्ये साठवलेली असते. यादी जुनी झाली की खरे प्रमाणपत्रही टॅबला ओळखता येत नाही. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असे एक मूळ प्रमाणपत्र संपले आणि जगभरातील अनेक जुन्या उपकरणांवर चालू संकेतस्थळे उघडेनाशी झाली. उपकरणात काहीही मोडलेले नव्हते.

बाईंच्या टॅबमध्ये कारण याहून साधे निघाले. बॅटरी पार रिकामी झाल्याने घड्याळ थांबले होते आणि टॅब कित्येक वर्षे मागची तारीख दाखवत होते. त्या तारखेला आजची प्रमाणपत्रे अस्तित्वातच नव्हती! तारीख-वेळ दुरुस्त करताच अकरापैकी आठ टॅबवर संकेतस्थळे उघडू लागली. 'बिघडला' असे रजिस्टरवर लिहिण्याआधी तारीख पाहावी, ती याचसाठी.

शाळेत काय करता येईल?

१. टॅब दीर्घकाळ ठेवायचे असतील तर सुमारे पन्नास टक्के चार्ज करून पूर्ण बंद करावेत. कपाट गच्चीखालच्या खोलीत नको. तळमजल्यावरची थंड, कोरडी जागा निवडावी.

२. दोन महिन्यांतून एकदा सर्व टॅब काढून चार्ज पाहावा, पुन्हा पन्नास टक्क्यांवर आणावा, अपडेट करावेत. हे काम आठवी-नववीच्या मुलांचा गट आनंदाने करतो.

३. रोजच्या वापरात बॅटरी पूर्ण रिकामी करून मगच चार्ज करण्याची गरज नाही. तो सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम घटांसाठी होता. लिथियम-आयन घटाला वीस ते ऐंशी टक्क्यांमधला वापर अधिक मानवतो.

४. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये. टॅब बंद करून कोरड्या वाळूच्या बादलीत, खोलीबाहेर सावलीत ठेवावा आणि ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा. कचऱ्यात टाकू नये. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी भारतात २०२२ च्या नियमांनुसार उत्पादकांवर आहे.

५. नवीन खरेदी करताना किंवा देणगी स्वीकारताना दोन प्रश्न विचारावेत: सुरक्षा-अपडेट किती वर्षे मिळतील? बॅटरी बदलून मिळेल का? काही महागड्या फोनना २०२३-२४ पासून सात वर्षांचे आश्वासन मिळू लागले आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार बॅटरीने ८०० चार्ज-आवर्तनांनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे आणि मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट मिळाले पाहिजेत. अशी हमी मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे, हे मुलांनाही समजले पाहिजे.

एक प्रयोग

चार सारखे टॅब किंवा घरचे जुने मोबाइल घ्या. सर्व पन्नास टक्के चार्ज करा. दोन पूर्ण बंद करा, दोन नुसता पडदा बंद करून चालू ठेवा. दर सोमवारी चालू उपकरणांवरील टक्के नोंदवा. बंद असलेली महिन्याने सुरू करून पाहा. आलेख काढा आणि रेषा पुढे वाढवून प्रत्येक उपकरण किती दिवसांत रिकामे होईल याचा अंदाज करा. सुट्टीत किती दिवसांनी कपाट उघडायला हवे, याचे उत्तर मुलांना त्यांच्याच आलेखातून मिळेल.

त्या शाळेतील सात काळ्या टॅबपैकी तीन पुढे जागे झाले, चारांच्या बॅटऱ्या बदलाव्या लागल्या. दोन फुगलेले निकाली निघाले. बाईंनी रजिस्टरमध्ये प्रत्येक टॅबसमोर एक नवा रकाना आखला आहे: 'शेवटचे चार्ज व अपडेट केल्याची तारीख'. टॅबची नोंद डेडस्टॉकमध्ये होते हे खरे. पण त्याला जपायचे असेल तर अधूनमधून कपाटाबाहेर काढायला हवे, आणि त्याहून बरे म्हणजे मुलांच्या हातात द्यायला हवे.