तेलापाण्याच्या तंट्यातील मध्यस्थ
कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रान्वये ठेवलेल्या देणगीतून १९४२ साली नागपुरात जी तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली, तिच्यात तेलतंत्राचेही अध्यापन होत आले आहे. तिच्यावरून जाताना मला तेलापाण्याच्या जुन्या वैराची आणि त्यात मध्यस्थी करणाऱ्या रेणूंची हटकून आठवण होते.

साबणाच्या रेणूचे डोके जलप्रिय आणि कार्बनची लांब शेपटी तेलात रमणारी. दोहोंच्या सीमेवर ठाण मांडून तो पृष्ठताण घटवतो, हे सर्वश्रुतच आहे. परंतु तेलाचे थेंब पाण्यात राहतील की पाण्याचे तेलात, याचा निवाडा बव्हंशी त्या रेणूची घडण करते, ही खरी मौज! सोडियमच्या साबणाचे डोके रुंद व शेपटी एकच, म्हणून त्याचा थर तेलाभोवती वळतो. तेथे कॅल्शियम आले, की एका कॅल्शियमला दोन शेपट्या जडतात, वळण उलटे फिरते आणि पाणीच थेंबरूपाने तेलात कोंडले जाते. विहिरीच्या जड पाण्यात साबण फेसाऐवजी चोथा देतो, त्याचेही मूळ याच कॅल्शियमात.

रसायनशास्त्रज्ञ ग्रिफिन यांनी १९४९ मध्ये या जल-तेल-प्रियतेला अंक दिले: साधारण ३ ते ६ अंकांचे पदार्थ पाण्याला तेलात, ८ ते १८ अंकांचे तेलाला पाण्यात सांभाळतात. हिशेब सोयीचा खरा. मात्र तापमान व क्षार यांची दादफिर्याद त्यात नाही.