फ्रिटाट्याला ओव्हन लागत नाही

भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीसारख्या गावात फ्रिटाटा हा अंड्यांचा इटालियन पदार्थ कुणी विकत नाही. तरी मोबाइलवरच्या पाककृतींमुळे हे नाव बहुतेकांच्या कानावरून गेलं आहे, आणि नावासोबत काही पक्क्या समजुतीही आल्या आहेत. ओव्हन नसेल तर फ्रिटाट्याचं नाव काढू नका. आमलेटात चीज घातलं की झाला फ्रिटाटा. इटलीचा आहे म्हणजे महागाचाच असणार. यातली एकही समजूत खरी नाही. पण त्या खोडायच्या तर आधी आपल्या ठेल्यावरचं आमलेट नीट बघावं लागेल, कारण घोळाची सुरुवात तिथूनच होते.

ठेलेवाला स्टीलच्या ग्लासात बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, सांभार (कोथिंबीर) आणि मीठ टाकतो. त्यावर दोन अंडी फोडतो आणि चमच्यानं खडखड फेटतो. तवा तोवर धुरावर आलेला असतो. तेलावर मिश्रण पडताच कडा फुगतात, जाळी धरते, तपकिरी होते. वरून ब्रेडचे दोन स्लाइस दाबले, सराट्यानं उलटलं, की दोन-तीन मिनिटांत प्लेट हातात. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत गावोगाव रात्रभर नाटक चालतं, तेव्हा गिऱ्हाइकाला पुढचा अंक चुकवायचा नसतो. तिथं याहून सावकाश शिजणारा पदार्थ टिकणारच नाही.

आता फ्रेंच पद्धतीचं आमलेट. त्यात अंडी, मीठ आणि लोणी एवढंच. पॅनमध्ये अंडं सतत हलवत राहायचं, वरचा पापुद्रा जेमतेम धरला आणि आतला भाग अजून ओलसर आहे तोवर घडी घालून उतरवायचं. सगळा कारभार मिनिटभराचा. सारण असलंच तर ते घडीच्या आत बसतं, अंड्यात कालवलेलं नसतं. वर तपकिरी डाग पडला तर ते बिघडलं, असं जुन्या वळणाचा फ्रेंच आचारी म्हणेल. आपल्या ठेल्यावरच्या जाळीला तो करपलेलं ठरवेल, आणि त्याचं आमलेट आपण कच्चं म्हणून परत पाठवू.

फ्रिटाट्यात कांदा, भाजी, बटाटा असे जिन्नस आधी शिजवून घेतात आणि फेटलेल्या अंड्यात मिसळतात. मिश्रण खोलगट पॅनमध्ये दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचं ओततात आणि मंद आचेवर निवांत शिजू देतात. घडी नाही. झाल्यावर त्रिकोणी तुकडे कापायचे. एक पॅन चार माणसांना पुरतो.

म्हणजे जिन्नस मिसळण्यापुरतं पाहिलं तर आपलं मसाला आमलेट फ्रेंच आमलेटापेक्षा फ्रिटाट्याच्या जास्त जवळ आहे. आच आणि वेळ पाहिली तर ते अस्सल आमलेट आहे. ‘सारण आत असेल तर आमलेट, मिसळलेलं असेल तर फ्रिटाटा’ ही इंग्रजी पाककृतींतून आलेली व्याख्या म्हणूनच आपल्याकडे लंगडी पडते. आपल्या कामाचा फरक जाडीत आणि आचेत आहे.

असं का, ते अंड्याच्या स्वभावावरून कळतं. अंड्याचं पांढरं साधारण ६२ अंश सेल्सियसपासून घट्ट व्हायला लागतं, पिवळं ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान. दोन्ही एकत्र फेटलेलं मिश्रण ७३ अंशांच्या आसपास बसतं. त्यापुढे तापवत राहिलं तर प्रथिनांची वीण आवळत जाते आणि आतलं पाणी बाहेर पिळून टाकते. रबरासारखं चिवट अंडं आणि प्लेटमध्ये साचलेलं पाणी, दोन्ही त्यातूनच येतात. धूर येईपर्यंत तापलेला तवा २०० अंशांच्या वर असतो. पातळ आमलेटाला ते चालतं, कारण उष्णता क्षणात आरपार जाते आणि आमलेट लगेच उतरतं. जाड थराला तीच आच दिली तर खालचा भाग चामड्याचा होतो आणि मधला कच्चाच राहतो. मंद आच ही फ्रिटाट्याची हौस नाही, त्याच्या जाडीची गरज आहे.

मग ओव्हन? जाड थराचा वरचा भाग शिजवायला काहीतरी उपाय हवा, एवढंच खरं. इटलीतल्या घरांमध्ये पॅनवर ताट ठेवून फ्रिटाटा त्यावर उलटा करतात आणि परत पॅनमध्ये सरकवतात. ओव्हन ही नंतर आलेली सोय. आपल्याकडे सीकेपी घरांतलं भानोलं पूर्वी वर-खाली निखारे ठेवून व्हायचं, तेव्हा वरून आच देणं हे काही मराठी स्वयंपाकाला परकं नाही. स्पेनची बटाट्याची तोर्तिया अशीच ताटावर उलटतात. इराणचा भरपूर हिरव्या पाल्याचा कुकूही याच जातीचा.

सानगडीच्या गॅसवर किंवा चुलीवर करायचा तर असा होईल. वीसेक सेंटिमीटरचा जाड बुडाचा पॅन किंवा सपाट बुडाची कढई घ्या. पावसाळ्यात ओळखीच्या सात्या (रानातली अळंबी) मिळाल्या तर उत्तम, नाहीतर कांदा, पालक, उकडलेला बटाटा यांतलं काहीही दोन वाट्या. इथं बहुतेकांची गडबड होते. सात्या आणि भेदरं (टोमॅटो) पाण्यानं भरलेली असतात. ती कच्चीच अंड्यात घातली तर मंद आचेवर ते पाणी हळूहळू सुटतं आणि फ्रिटाटा खालून ओला राहतो. ठेल्याच्या आमलेटात कच्चा कांदा खपून जातो, कारण तो चिमूटभर असतो आणि तवा कडक तापलेला. इथं तसं चालत नाही. पाणी पूर्ण आटेपर्यंत परता, थोडं निवू द्या, मग सहा अंड्यांत मिसळा. चमचाभर तेल तापवून मिश्रण ओता, झाकण ठेवा, आच अगदी मंद. दहा-बारा मिनिटांनी कडा सुटलेल्या दिसतील आणि मधला भाग हलवल्यावर किंचित थरथरेल. तेव्हा ताटावर उलटा करून परत पॅनमध्ये सरकवा आणि दोन-तीन मिनिटं ठेवा. चुलीवर करत असाल तर जाळ ओढून घ्या, नुसत्या निखाऱ्यांवर ठेवा.

चीजचा मुद्दा लवकर संपतो. इटलीत किसलेलं चीज पुष्कळदा घालतात, पण त्यानं खारटपणा आणि चव येते, पदार्थाची जात बदलत नाही. चीजविना फ्रिटाटा असतो आणि चीजचं आमलेटही असतं.

दूध घातलं की आमलेट फुगतं, हा गैरसमज मात्र घराघरांत आहे. फुगवतात ती फेटताना शिरलेली हवा आणि तापल्यावर होणारी वाफ. दुधानं प्रथिनं विरळ होतात, त्यामुळे अंडं मऊ बसतं. फ्रिटाट्यात दोन-तीन चमचे दूध म्हणूनच चांगलं लागतं. जास्त घातलं तर मात्र कापताना तुकडा ढासळतो. मिठाचंही तसंच: आधी घातलं तर अंडं कडक होतं म्हणतात, घडतं उलट. शिजवण्याआधी पंधरा मिनिटं मीठ घालून ठेवलेलं अंडं पाणी जास्त धरून ठेवतं आणि मऊ राहतं.

बेसनाचं टोमॅटो आमलेट या सगळ्या हिशेबाबाहेरचं. त्यात अंडं नसतंच. ते पिठातल्या स्टार्चवर धरतं, तेव्हा वरचे आकडे त्याला लावू नयेत.

महाग असल्याची समजूत तर अगदीच उलटी आहे. फ्रिटाटा हा उरलंसुरलं संपवायचा पदार्थ. नेपल्समध्ये आदल्या दिवशीच्या शेवयांसारख्या पास्त्याचा फ्रिटाटा करतात. उरलेल्या भाताचाही करतात, आणि भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात रात्रीचा भात कुठल्या घरी उरत नाही? वाटीभर मोकळा भात, परतलेला कांदा-मिरची आणि चार अंडी एवढ्यात सकाळची न्याहारी भागते. भात उरल्याबरोबर फ्रिजमध्ये गेला असेल तरच, हे मात्र पक्कं.

गावरान अंडी वापरणाऱ्यांनी संख्येवर जाऊ नये. ती फार्मच्या अंड्यापेक्षा लहान असतात. फार्मचं अंडं कवचाविना साधारण ५० ग्रॅम भरतं. सहाच्या जागी सात-आठ गावरान लागतील, नाहीतर थर पातळ होऊन तुम्ही नकळत आमलेटच करून बसाल. तपकिरी कवच कोंबडीच्या जातीमुळे येतं, पिवळ्याचा गडद रंग तिच्या खाण्यामुळे. त्या रंगांवरून पौष्टिकपणा ठरत नाही.

शेवटचा प्रश्न गार खाण्याचा. आमलेट गार झालं की गेलं, हे खरं. फ्रिटाटा मात्र कोमट किंवा गारही चांगला लागतो, म्हणून इटलीत तो डब्यात आणि सहलीला नेतात. पण इथं त्यांचं हवामान नाही. शिजलेलं अंडं बाहेर दोन तास ठेवलेलं चालतं. ३२ अंशांच्या वर ती मुदत एका तासावर येते, आणि भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो. उन्हाळ्यात शेतावर न्यायच्या डब्यासाठी हा पदार्थ नाही.