जुनी होडी घेताना

फोंडा तालुक्याला समुद्र नाही, हे आपण शाळेत भूगोलाच्या तासाला शिकलो आणि होडी ही आपल्या कामाची वस्तू नव्हे असे समजून बसलो. पण नकाशा उघडून पाहावा. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पश्चिमेला या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुवेचा कालवा आणि पूर्वेकडून येणारी खांडेपारची नदी. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश आणि वेर्ण्याची म्हाळसा अंत्रुज महालात आली ती पाणी ओलांडूनच. दुर्भाट हे तर या महालाचे जुने बंदर. पुढे पूल झाले, दारात गाड्या आल्या आणि बोरीच्या पुलावर वाहने अडकली की काचेतून दिसते तेवढीच नदी आपल्या वाट्याला उरली.

घरातल्या चौघा-पाचजणांनी रविवारी सकाळी पाण्यावर जावे, दुपारी जेवायला घरी परतावे, एवढ्यासाठी होडी घेणारी कुटुंबे आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. नवी होडी परवडत नाही, म्हणून जुनी. गेल्या वर्षी आम्हीही या उद्योगात पडलो. त्यातून जे कळले ते आपल्यासारख्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

पहिला वाद घरातच झाला. मुलाला शिडाची होडी हवी होती. दिवाडीला बांधलेल्या ‘म्हादई’ या नौकेतून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी 2013 मध्ये कुठेही न थांबता ती पुरी केली, हे त्याला तोंडपाठ आहे. आपल्या मांडवीचेच हे दुसरे नाव, म्हणून त्याचा अभिमान अधिक. त्याला समजावावे लागले की शिडाला मोकळा वारा आणि वळायला रुंद पाणी लागते. डोलकाठी पुलाखालून जात नाही आणि कालव्यात वारा झाडांमागे दडतो. नदीवर फिरायचे तर सोळा ते अठरा फुटांची रुंद बुडाची फायबरची होडी आणि तिला बेताचे इंजिन, एवढे पुरते.

वडिलांचे म्हणणे निराळे. त्यांच्या लहानपणी भाजीच्या पाट्या होडीतून पलीकडे जात. त्यांच्या मते फायबर म्हणजे बादली. होडी लाकडाचीच असावी, काथ्याने शिवलेली, काजूच्या टरफलाचे तेल पाजलेली. त्यांचे खोटे नव्हे. फळ्या शिवून जहाज बांधण्याची ती विद्या अजून जिवंत आहे. 2025 मध्ये नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज गोव्यातच बांधले गेले. पण लाकडाच्या होडीला माणूस लागतो. दरवर्षी ती वर ओढायची, सांधे भरायचे, तेल पाजायचे. खाऱ्या पाण्यातला किडा आतून फळी पोखरतो आणि बाहेरून एक बारीक भोक तेवढे दिसते. नोकरदार माणसाला हे झेपणारे नव्हे, असे मी म्हटले. वडील काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांना ते पटले नव्हते.

मासेमारीची जुनी होडी स्वस्तात मिळते आणि पुष्कळजण तिथेच फसतात. ती अरुंद आणि लांब असते, कारण तिच्यात जाळे आणि मासळी भरायची असते. ते वजन पोटात असले की ती पाण्यावर स्थिर बसते. जाळे काढून घ्या आणि चार माणसे फळीवर बसवा, ती डुलू लागते. त्यात उन्हासाठी वर छप्पर घातले तर वजन आणखी वर जाते आणि वारा ते छप्पर धरतो. म्हणून होडी रिकामी पाहून पसंत करू नये. घरातली सगळी माणसे तिच्यात बसवावीत, दोघांना एकाच काठाला सरकायला सांगावे आणि काठ पाण्यापासून किती वर राहतो ते पाहावे. वीतभरच राहत असेल तर सरळ घरी यावे.

आम्ही पाहिलेली पहिली होडी मात्र रुंद होती, देखणी होती. निळा रंग, पांढरी पट्टी, दोन्ही अगदी ताजे. विकणारा गोड बोलत होता. ‘मास्तर, तुमच्यासाठीच ठेवलीय,’ म्हणाला. मी विसार देण्याच्या बेतात होतो. सोबत मेहुणे होते. रासईच्या बाजूला जहाजे बांधण्याचे कारखाने आहेत, तिथे त्यांनी वीस वर्षे काम केले. त्यांनी खिशातून नाणे काढले आणि होडीच्या अंगावर टकटक करीत नाळेपासून मागपर्यंत चालत गेले. टक, टक, टक. मागच्या उभ्या फळीपाशी आवाज बदलला. ठक्क व्हायचे तिथे भद्द झाले.

इंजिन ज्या फळीला अडकवतात ती फायबरच्या होडीत नुसत्या फायबरची नसते, बहुधा आत प्लायवूड असते. इंजिनाचे बोल्ट जिथून आरपार जातात त्या भोकांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपते आणि आतले लाकूड कुजते. बाहेरून काहीच कळत नाही. मेहुण्यांनी इंजिनाचा दांडा धरून वर-खाली हलवला, तर इंजिनाबरोबर सबंध फळीही हलली. नव्या रंगाखाली बोल्टभोवती बारीक भेगा होत्या. ही फळी भर नदीत फाटली तर इंजिन तळाला जाते आणि पाणी मागून आत शिरते. त्या होडीत माझी धाकटी मुलगी बसणार होती. परतताना गाडीत आम्ही कोणीच फार बोललो नाही.

तेव्हापासून ताज्या रंगाची होडी दिसली की मला आधी संशय येतो. होडी पाण्याबाहेर असतानाच पाहावी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या काठावर ओढून झाकलेल्या असतात. तेव्हा तळ दिसतो, नाणे वाजवता येते, आणि पावसाळाभर ती सांभाळायची नाही म्हणून मालक किमतीतही उतरतो.

इंजिनाचे थोडक्यात सांगतो. ते थंड असतानाच चालू करून दाखवायला सांगावे. आपण पोचण्याआधीच ते गरम करून ठेवले असेल तर काहीतरी लपवले आहे असे समजावे. चालू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार जोरात यायला हवी. ती नसेल तर थंड करणारा पंप गेला आहे. खालच्या गिअरचे तेल थोडे काढून पाहावे. दुधासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. टू-स्ट्रोक इंजिन हलके, पण त्याच्या पेट्रोलात तेल मिसळावे लागते. फोर-स्ट्रोक जड आणि महाग, पण आवाज कमी. खाऱ्या पाण्यात चालवल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुण्याची सवय मालकाला होती का, हे त्याला न विचारता बोल्टांवरचा गंज पाहून ठरवावे. आणि ठरवलेले सगळे पैसे खरेदीत घालू नयेत. निदान चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा.

कागद हा आपल्या लोकांचा नावडता विषय. मासेमारीच्या होडीची नोंद मत्स्योद्योग खात्यात असते. इंजिन सरकारी अनुदानातून घेतलेले असेल तर विकण्यावर अटी असू शकतात, बँकेचे कर्जही असू शकते. नदीत फिरायच्या यांत्रिक होडीसाठी 1917 चा जुना कायदा जाऊन आता 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. नोंदणी, पाहणी, विमा हे सगळे त्यात येते. विसार देण्यापूर्वी होडीचा क्रमांक घेऊन पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात एक खेप घालावी. ‘नंतर नावावर करून देतो’ या बोलण्यावर तर स्कूटरसुद्धा घेऊ नये.

पत्नीने मात्र कागदांआधी स्वतःच्या दोन अटी घातल्या. घरातल्या प्रत्येकाला पोहता आले पाहिजे, आणि जॅकेट अंगात घातल्याशिवाय कोणी धक्क्यावरून पाय उचलायचा नाही. मला ते जास्तच वाटले होते. मग 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली. त्या बोटीतल्या पुष्कळ प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हते. त्यानंतर मी वाद घातला नाही. मुलांची जॅकेटे मुलांच्या मापाचीच घ्यावीत. मोठ्याचे जॅकेट पाण्यात लहान मुलाच्या अंगातून वर निसटते. नांगर, दोरखंड, जोडीला दोन वल्ही आणि पाणी उपसायला एक डबा, हे सामान होडीबरोबर मागून घ्यावे. मालक सहसा नाही म्हणत नाही.

शेवटी होडी मिळाली ती एका म्हाताऱ्या पागऱ्याची. रंग उडालेला, काठावर जाळे ओढून पडलेल्या खाचा, इंजिन अकरा वर्षांचे, पण बोल्ट स्वच्छ. मेहुण्यांचे नाणे सगळीकडे सारखे वाजले. पैसे मोजून दिल्यावर त्याने वडिलांना बाजूला नेले आणि ओहोटीला कुठल्या वळणावर चिखल वर येतो, कालव्यात मगरी कुठे ऊन खात पडतात, तिथे पाण्यात हात घालून बसू नये, बार्ज जवळून गेली तर लाटेला आडवे न राहता नाळ तिच्याकडे वळवावी, असे बरेच काही सांगितले. होडीच्या किमतीत हे धरलेले नव्हते.

पहिल्या फेरीला आम्ही भरती पाहून दुर्भाटहून निघालो. मुलगी मधोमध, पत्नी तिचा हात धरून, मुलगा पुढे. अर्ध्या तासाने परत फिरलो, कारण धाकटीला भूक लागली. वडील येणार नाही म्हणून सांगत होते, ते आधीच येऊन मागे इंजिनापाशी बसले होते आणि उतरेपर्यंत त्यांनी सुकाणू कोणाला दिले नाही.