इंग्रजी साहित्यातील पदवीस्तरीय लघुप्रबंध

इंग्रजी साहित्यातील पदवीस्तरीय लघुप्रबंध म्हणजे पदवी अभ्यासक्रमाच्या अखेरच्या टप्प्यात विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली एखाद्या साहित्यकृतीवर, लेखकावर किंवा वाङ्मयीन प्रश्नावर स्वतंत्रपणे केलेले मर्यादित संशोधन व त्याचे लिखित स्वरूप होय. लेखनापूर्वी विद्यार्थ्याला संशोधनाचा आराखडा सादर करून त्यास विभागाची मान्यता घ्यावी लागते. लघुप्रबंधाचे यशापयश बऱ्याच अंशी या आराखड्यावर अवलंबून असते. कारण विषयाची व्याप्ती, उपलब्ध साधने आणि हाताशी असलेला काळ यांचा मेळ त्यातच घातला जातो.

पार्श्वभूमी

भारतात साहित्यविषयक प्रबंधलेखन दीर्घकाळ मुख्यतः एम.ए., एम.फिल. आणि पीएच.डी. या पातळ्यांवर होत असे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर चार वर्षांच्या पदवीची रचना पुढे आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' हा मार्ग निवडता येतो. या मार्गात संशोधन प्रकल्प किंवा लघुप्रबंध यासाठी १२ श्रेयांक आहेत. संशोधनाविना ऑनर्स घेणाऱ्यांना त्याऐवजी तितक्याच श्रेयांकांचे अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात.

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत ही रचना शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून लागू झाली. त्यामुळे या महाविद्यालयांतील पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात पोहोचते. धाराशिव जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात असून विद्यापीठाचे उपपरिसर धाराशिव शहरात आहे. वाशी तालुक्यातील तेरखेडा या फटाकेनिर्मितीसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावासारख्या ठिकाणांहून येणाऱ्या विद्यार्थ्यांना मोठ्या ग्रंथालयाचा दैनंदिन लाभ मिळत नाही. अशा विद्यार्थ्यांच्या बाबतीत विषयनिवड हा केवळ आवडीचा नव्हे, तर साधनांच्या उपलब्धतेचाही प्रश्न ठरतो.

विषय आणि संशोधन प्रश्न

विषय आणि संशोधन प्रश्न या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'शेक्सपिअरच्या शोकांतिका' हा विषय आहे. तो वर्षभरात हाताळता येत नाही आणि त्यावर नवे काही सांगणेही कठीण असते. 'मॅकबेथ या नाटकात निद्रेचे उल्लेख अपराधभावना कशी व्यक्त करतात?' हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर संहितेच्या सूक्ष्म वाचनातून देता येते. चांगल्या प्रश्नाची सर्वसाधारण लक्षणे पुढीलप्रमाणे सांगता येतील :

- त्याचे उत्तर एक-दोन संहितांच्या आधारे देता येते.
- उत्तर आधीपासून ठरलेले नसते. संहिता वाचल्यावर ते बदलू शकते.
- त्यावर पूर्वी झालेले लेखन मोजके का होईना, पण उपलब्ध असते.
- मूळ संहिता विद्यार्थ्याला प्रत्यक्ष मिळू शकते.

मराठी भाषक विद्यार्थ्यांना भाषांतराचे क्षेत्र विशेष अनुकूल आहे. शरणकुमार लिंबाळे यांचे अक्करमाशी (१९८४) किंवा बेबी कांबळे यांचे जिणं आमुचं यांसारखी आत्मकथने इंग्रजीत अनुवादित झाली आहेत. मूळ मराठी आणि अनुवाद शेजारी ठेवून बोलीतील शब्द, नातेवाचक संज्ञा किंवा जातिवाचक उल्लेख इंग्रजीत कसे उतरले, याचा अभ्यास दोन्ही भाषा जाणणारा वाचकच करू शकतो. अरुण कोलटकर यांचा जेजुरी (१९७६) हा इंग्रजी काव्यसंग्रहही महाराष्ट्रातील तीर्थक्षेत्राशी निगडित असल्याने येथील विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या परिसरातील आहे.

उदाहरण : मेडोज टेलर आणि धाराशिव जिल्हा

परिसराशी निगडित विषयाचे ठळक उदाहरण म्हणजे फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) याचे लेखन. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठगाच्या कबुलीजबाबावरील कादंबरीमुळे तो इंग्रजी वाङ्मयात ओळखला जातो. १८५३ च्या तहानुसार निजामाने काही प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. त्यातील नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार टेलरने १८५७ पर्यंत पाहिला. नळदुर्ग आज धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात आहे. टेलरची तारा ही कादंबरी १८६३ मध्ये प्रसिद्ध झाली. सतराव्या शतकाच्या मध्यावर घडणाऱ्या या कथेत शिवाजी महाराज आणि अफझलखान यांचा संघर्ष आहे. नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची कन्या असून तेथील भवानीमंदिर कथानकाचे महत्त्वाचे स्थळ आहे. लेखकाचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये निघाले.

'मेडोज टेलर : जीवन आणि साहित्य' असा विषय घेतल्यास लघुप्रबंध चरित्रसारांश होण्याची शक्यता असते. 'तारा या कादंबरीतील तुळजापूरचे चित्रण प्रशासकाच्या नजरेतून होते की कथाकाराच्या?' असा प्रश्न घेतल्यास अभ्यासाला दिशा मिळते. त्यासाठी कादंबरीतील तुळजापूरविषयक प्रकरणे आणि आत्मचरित्रातील नळदुर्गविषयक भाग एवढीच प्राथमिक साधने पुरेशी ठरतात. मंदिर, उत्सव व पुजारीवर्ग यांची वर्णने दोन्हीकडे कशी येतात, कोठे जुळतात आणि कोठे वेगळी होतात, याची नोंद करून निष्कर्ष काढता येतो. स्थानिक विद्यार्थ्याला परिसराची माहिती असणे येथे उपयोगी पडते. तथापि 'वर्णन खरे आहे की खोटे' एवढ्यावर न थांबता ते तसे का केले गेले, याचा शोध घेणे हे साहित्याभ्यासाचे काम आहे.

आराखड्याचे घटक

आराखड्याचा नमुना आणि शब्दमर्यादा विद्यापीठानुसार बदलते. सामान्यतः त्यात पुढील घटक असतात :

१. शीर्षक : संहिता, लेखक आणि अभ्यासाचा कोन स्पष्ट करणारे असावे.
२. प्रस्तावना व संशोधन प्रश्न : विषय का निवडला आणि नेमके काय शोधायचे आहे, हे सुरुवातीच्या एक-दोन परिच्छेदांत यावे.
३. पूर्वसंशोधनाचा आढावा : पूर्वीच्या अभ्यासकांनी काय मांडले आणि कोणता मुद्दा अनुत्तरित राहिला, हे सांगावे. ही केवळ पुस्तकांची यादी नसते.
४. उद्दिष्टे आणि गृहीतक : उद्दिष्टे तीन-चारच असावीत. साहित्यविषयक अभ्यासात सांख्यिकीय गृहीतकाऐवजी तात्पुरते प्रतिपादन मांडण्याची पद्धतही आहे.
५. संशोधन पद्धती : सूक्ष्म वाचन, तौलनिक अभ्यास, स्त्रीवादी किंवा उत्तरवसाहतवादी समीक्षा यांपैकी जी पद्धत प्रश्नाला लागू पडते तीच घ्यावी.
६. व्याप्ती आणि मर्यादा : कोणत्या संहिता घेतल्या आणि कोणत्या वगळल्या, याचे कारण द्यावे.
७. प्रकरणयोजना : प्रत्येक प्रकरणाचा आशय दोन-तीन वाक्यांत सांगावा.
८. वेळापत्रक आणि संदर्भसूची.

यांपैकी मर्यादांचा भाग विद्यार्थी अनेकदा औपचारिकता म्हणून लिहितात. वस्तुतः आराखडा तपासणारे शिक्षक तोच भाग बारकाईने पाहतात. काय करणार नाही हे ज्याने ठरवले आहे, त्याचे काम वेळेत पूर्ण होण्याची शक्यता अधिक असते.

साधने

जुन्या संहितांवरील स्वामित्वहक्क संपलेला असतो. भारतात हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत राहतो. त्यामुळे टेलरसारख्या लेखकांची पुस्तके इंटरनेट अर्काइव्हसारख्या संकेतस्थळांवर विनामूल्य वाचता येतात. भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंध शोधगंगा या भांडारात, तर इतर शैक्षणिक सामग्री भारताच्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात मिळते. जुन्या इंग्रजी ग्रंथांत स्थळनामांची स्पेलिंगे आजच्याहून वेगळी असतात. नळदुर्गचे 'नुलद्रूग' असे रूप आढळते. शोध घेताना अशी रूपेही वापरावी लागतात. अंकीकृत मजकुरात वाचनदोष असू शकतात, म्हणून अवतरण घेताना मूळ पानाच्या प्रतिमेशी ते ताडून पाहणे आवश्यक असते.

नियोजन

दोन सत्रांच्या कामात पहिल्या सत्राचा पूर्वार्ध वाचन व प्रश्ननिश्चितीसाठी आणि उत्तरार्ध आराखड्याची मान्यता व पहिल्या प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यासाठी वापरणे सोयीचे ठरते. दुसऱ्या सत्रात उर्वरित प्रकरणे, पुनर्लेखन आणि संदर्भतपासणी करता येते. प्रस्तावना व समारोप शेवटी लिहिणे इष्ट असते, कारण निष्कर्ष लेखनाच्या ओघात बदलतात. वाचतानाच प्रत्येक टिपणासोबत ग्रंथ, आवृत्ती आणि पृष्ठक्रमांक नोंदवल्यास शेवटची धावपळ टळते. इंग्रजी विभागांत संदर्भांसाठी एम.एल.ए. शैली प्रचलित असून तिच्या नियमपुस्तिकेची नववी आवृत्ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली.

वाङ्मयचौर्य

दुसऱ्याचे शब्द किंवा विचार श्रेय न देता स्वतःचे म्हणून मांडणे म्हणजे वाङ्मयचौर्य होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी याबाबत साम्याच्या प्रमाणानुसार कारवाईचे स्तर ठरवले आहेत. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय मानले जात नाही. टंकलेखन केंद्रांतून तयार मजकूर घेणे किंवा संगणकीय साधनाकडून संपूर्ण प्रकरण लिहून घेणे, यामुळे अभ्यासाचा हेतूच नष्ट होतो. व्यापक आणि वारंवार हाताळलेल्या विषयावर नक्कल सहज होते. अरुंद आणि नेमक्या प्रश्नाचे तयार उत्तर मात्र सहसा कोठे मिळत नाही. त्यामुळे काळजीपूर्वक केलेला आराखडा हा वाङ्मयचौर्य टाळण्याचाही एक उपाय ठरतो.

मूल्यमापन

लिखित लघुप्रबंधासह सादरीकरण किंवा मौखिक परीक्षा घेण्याची पद्धत आहे. प्रश्नाची स्पष्टता, संहितेतील पुराव्यांचा वापर, युक्तिवादाची सुसंगती, भाषेची अचूकता आणि संदर्भांची शिस्त हे मूल्यमापनाचे सर्वसाधारण निकष असतात. मूळ गृहीतक चुकीचे ठरले तरी पुरावे आणि तर्क यांच्या आधारे तसे दाखवून दिल्यास लघुप्रबंध यशस्वी मानला जातो. पुढे एम.ए. किंवा पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांसाठी तो संशोधनाचा पहिला अनुभव असतो. इतरांसाठी एखादा प्रश्न ठरवून, वाचून आणि पुराव्यानिशी उत्तर देण्याचा सराव ठरतो.

हेसुद्धा पाहा

- राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०
- डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ
- नळदुर्ग
- तुळजापूर
- शोधगंगा