मालवणच्या पाण्याखाली : भीतीची चुकलेली जागा

सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि त्यानंतरच्या काळात मालवण, तारकर्ली व देवबाग या गावांतील अनेक कुटुंबांनी, ज्यांचा चरितार्थ पूर्वी रापणीवर आणि होड्यांवर चालत असे, घराच्या पडवीला लागून दोन-चार खोल्या बांधून मुंबई, पुणे, कोल्हापूरकडच्या ओळखीपाळखीच्या माणसांना शनिवार-रविवारी उतरवून घेण्यास सुरुवात केली. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकाळ, उथळ समुद्रात पाहुण्यांना स्कूबा डायव्हिंग, म्हणजे सोबत नेलेल्या टाकीतील हवेवर श्वास घेत पाण्याखाली हिंडणे, घडवून आणणे हा या पाहुणचाराचाच एक भाग होऊन बसला. समुद्र कधीही न पाहिलेला माणूस सकाळी चहा घेऊन होडीत बसतो आणि तासाभरात समुद्रतळावरचे मासे पाहून परत येतो, हे आता तेथे नवलाचे राहिलेले नाही. नवल याचे आहे की हे इतके नित्याचे झाल्यावरही पाहुण्यांच्या मनातील भीती आणि निर्धास्तपणा या दोहोंच्या जागा चुकलेल्याच आहेत. ज्याला भिण्याचे कारण नाही त्याला ते भितात आणि जेथे सावध राहावे तेथे खुशाल असतात.

सर्वांत रूढ गैरसमज टाकीविषयीचा आहे. पाणबुड्याच्या पाठीवर ‘ऑक्सिजनचे सिलिंडर’ असते असे बातम्यांतही छापून येते. प्रत्यक्षात हौशी डायव्हिंगच्या टाकीत आपण एरवी घेतो तीच हवा, म्हणजे सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेला बहुतांश नायट्रोजन, गाळून व दाबून भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन अधिक सुरक्षित असेल ही समजूत तर थेट उलटी आहे, कारण दाब वाढला की ऑक्सिजन मज्जासंस्थेला विषारी ठरू लागतो आणि साधारण ६ मीटरच्या खाली शुद्ध ऑक्सिजनवर श्वास घेणाऱ्याला अचानक झटके येऊ शकतात. काही ठिकाणी टाकी होडीतच ठेवून लांब नळीने हवा पुरवली जाते; त्या प्रकाराला काटेकोर अर्थाने स्कूबा म्हणता येत नाही. होडीतून येणारी नळी अडकली वा निसटली तर पाण्याखालच्या माणसाजवळ स्वतःचा साठा नसतो, एवढा फरक पाहुण्याने पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावा.

दुसरा गैरसमज खोलीचा. ‘येथे तर जेमतेम वीस-पंचवीस फूट पाणी आहे, त्यात काय होणार?’ हा प्रश्न होडीत हमखास ऐकू येतो आणि त्याचे उत्तर शाळेत शिकलेल्या बॉइलच्या नियमात, म्हणजे दाब वाढेल त्या प्रमाणात वायूचे आकारमान घटते या नियमात, आहे. समुद्रसपाटीवर वातावरणाचा जो दाब असतो तेवढाच अधिकचा दाब पाण्यात दर १० मीटरला वाढत जातो. म्हणजे पहिल्या १० मीटरमध्ये तो दुप्पट होतो, तर पुढच्या १० मीटरमध्ये दुपटीवरून तिप्पट, म्हणजे केवळ दीडपट, होतो. वायूच्या आकारमानात सर्वांत मोठा फेरबदल होतो तो उथळ पाण्यातच. १० मीटरवर भरलेला श्वास रोखून धरून कोणी वर आला, तर फुप्फुसातील हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट जागा मागते, आणि भरल्या छातीने श्वास रोखला असेल तर दीड-दोन मीटरचे वर येणेही फुप्फुसाला इजा करण्यास पुरेसे असते. म्हणूनच डायव्हिंगचा पहिला नियम ‘श्वास रोखायचा नाही’ हा आहे, आणि घाबरलेला नवखा माणूस नेमके तेच करतो. पोहताना तोंड मिटून दम धरण्याची सवय असलेल्यांना हा मोह अधिक होतो.

कानांचेही तसेच. पडद्यामागील पोकळीत अडकलेली हवा दाबाखाली आकसते, पडदा आत ओढला जातो आणि दुखू लागतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की घशातून कानाकडे जाणारी नलिका उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. हे कान दुखू लागल्यावर करायचे नसते, दुखण्याआधी, दर हातभर खोलीला करायचे असते. सर्दी झालेल्या माणसाची ही नलिका सुजलेली असते. ‘गोळी घेतली आहे, आता नाक मोकळे आहे’ असे म्हणून उतरणाऱ्याचा धोका उलट वाढतो, कारण औषधाचा परिणाम पाण्याखालीच ओसरला तर वर येताना हवा बाहेर पडायला वाट राहत नाही. दमा, हृदयविकार, फिट येण्याचा विकार, कानाची शस्त्रक्रिया किंवा गर्भावस्था असल्यास ते लपवू नये. आरोग्याचा जो कागद भरून घेतला जातो त्यावर पाहुणे रांगेने ‘नाही, नाही’ अशा खुणा करत जातात. एवढ्या निष्काळजीपणे माणसे बँकेचाही अर्ज भरत नाहीत.

पोहता येत नसेल तर डायव्हिंग करताच येत नाही, ही समजूत अर्धी खरी आहे. अनुभव म्हणून घेतल्या जाणाऱ्या बुडीत प्रशिक्षक पाहुण्याला सतत धरून असतो, हवेचे नियंत्रणही तोच करतो, म्हणून तेथे पोहण्याची अट नसते. परंतु स्वतंत्रपणे बुडी मारण्याचा परवाना हवा असेल तर गोष्ट वेगळी. पॅडी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात न थांबता २०० मीटर पोहून आणि १० मिनिटे पाण्यावर तरंगून दाखवावे लागते, मोकळ्या पाण्यात चार बुड्या घ्याव्या लागतात, आणि त्यानंतर १८ मीटरपर्यंत जाता येते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीत अशा प्रशिक्षणासाठी स्वतंत्र संस्थाही उभारली आहे. एका बुडीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून स्वतःला डायव्हर म्हणवणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणांची भाषा होडीतच शिकवतात, आणि तेथे एक गंमत नेहमी घडते. जमिनीवर ‘छान’ म्हणून दाखवला जाणारा वर केलेला अंगठा पाण्याखाली ‘वर चला’ असे सांगतो. ‘ठीक आहे’ यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करावे लागते. मासे पाहून हरखलेला पाहुणा आनंदाने अंगठा दाखवतो आणि प्रशिक्षक त्याला निमूटपणे पृष्ठभागावर घेऊन येतो.

शार्कच्या भीतीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. या किनाऱ्यावर लहान जातीच्या शार्कला मोरी म्हणतात आणि मालवणी घरांत मोरीचे मटण आवडीने खाल्ले जाते. माणूस आणि शार्क यांच्यात येथे कोण कोणाला खातो हे त्यावरून उघड आहे. क्वचित दिसणारा प्रचंड व्हेल शार्क प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर जगतो. पाहुण्याला इजा होते ती खडकावरच्या काटेरी अर्चिनवर पाय पडल्याने, जेलीफिशच्या स्पर्शाने, किंवा उथळ वाळूत दडून बसलेल्या पाकटाच्या शेपटीतील काट्याने, आणि म्हणून वाळूत पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावे असे किनाऱ्यावरची माणसे सांगतात.

खरा मोठा धोका पाण्याखाली नसून वर, होडीत आणि होडीभोवती असतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग आटोपून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. मे महिन्याच्या अखेरीस वारा फिरलेला असतो, समुद्र खवळू लागलेला असतो, आणि म्हणूनच पावसाळ्यापुरते, ऑगस्टअखेरपर्यंत, जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जात असल्याने दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकाच क्षणी आदळतो, आणि इंजिनाची घरघर नेमकी कोठून येते हे बुडी मारणाऱ्याला कळत नाही. वर येताना डोके उंचावून, भोवती पाहत, सावकाश यावे लागते ते यासाठी. होडीत तारणजाकीट अंगावर बांधलेले असावे, बाकाखाली रचलेले नसावे.

आता पाण्याच्या गढूळपणाकडे. अंदमानची छायाचित्रे पाहून आलेला पाहुणा मालवणला ‘काहीच दिसले नाही’ म्हणून हिरमुसतो. अंदमानात चांगल्या दिवशी २०-३० मीटरपर्यंत दिसते. मालवणला ५-७ मीटर दिसले तर दिवस उत्तम मानावा. याचे एक कारण कर्ली नदी आणि कोळंबची खाडी यांतून येणारा गाळ, आणि दुसरे कारण प्लवक. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर खोलवरचे पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते, त्यावर प्लवक माजते, आणि त्याच प्लवकावर तारली आणि बांगड्याचे थवे पोसले जातात. काचेसारखे निवळ पाणी आणि मुबलक बांगडा या दोन्ही गोष्टी एकाच समुद्राकडे मागणे वाजवी नाही.

दिसण्याचे गणित तिथीवरही चालते, हे फार थोड्या पाहुण्यांना ठाऊक असते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, पाण्याला ओढ असते, तळाची वाळू ढवळली जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी संथ राहते आणि गाळ खाली बसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातला, अष्टमीजवळचा शनिवार निवडणाऱ्याला बरेच अधिक दिसते. तरीही लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच पाण्यात शोषला जात असल्याने सर्व काही निळसर-हिरवे दिसणारच. जाहिरातीतील भडक रंग कृत्रिम प्रकाशाचे किंवा संगणकाचे असतात. मालवणच्या डायव्हर्सच्या बोलण्यात येणारा आंग्रिया बँक हा प्रवाळांचा मोठा उंचवटा किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटर आत आणि त्याचा माथाच २० मीटरच्या आसपास खोल आहे. तो शनिवार-रविवारच्या सहलीचा विषय नव्हे.

कोकणात प्रवाळ नाहीत, आणि असलेच तर ते दगड आहेत, या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. किल्ल्याच्या परिसरात प्रवाळांची विखुरलेली पण जिवंत वस्ती आहे. प्रवाळ हा प्राणी आहे. जेलीफिशच्या कुळातील असंख्य इवले जीव चुनखडीची घरे बांधून एकत्र राहतात, त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वास करते आणि सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यांना पुरवते. घुमटासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. एका बेसावध लाथेने कित्येक वर्षांची वाढ मोडते. खडक बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे, आणि किनाऱ्यावर सापडलेला वाळका तुकडा पिशवीत टाकणे हाही गुन्हा ठरू शकतो. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्याभोवतीचा सुमारे ३ चौरस किलोमीटरचा गाभा त्यात येतो. पाहुणे ज्या पाण्यात बिस्किटांचा चुरा उधळून मासे गोळा करतात आणि छायाचित्रे काढून घेतात, ते पाणी नेमके हेच. माशांना खाऊ घालणे हे पुण्य नाही. आयते खाणे मिळालेले मासे खडकावरचे शेवाळ खाणे कमी करतात आणि तेच शेवाळ प्रवाळावर चढते.

पाहुणचाराविषयीचे गैरसमज गोड असले तरी ते गैरसमजच. ‘येवा, कोकण आपलोच आसा’ या वाक्याचा अर्थ येथे सर्व काही केव्हाही मिळते असा घेतला जातो. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट धरणाऱ्याला घरधनीण बर्फातलीच सुरमई वाढणार. मालवणी जेवण म्हणजे निव्वळ तिखट हेही खरे नाही. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, कोकमाची आंबटी, ओल्या खोबऱ्याचे वाटप यांची चव मसाल्याच्या भडकपणावर उभी नाही, आणि आंबोळी व काळ्या वाटाण्याची उसळ तर शाकाहारी माणसाचीही न्याहारी भागवते. बुडीपूर्वी एवढीच हलकी न्याहारी पुरे, कारण होडी डोलू लागली की भरलेले पोट सर्वांत आधी तक्रार करते. आदल्या रात्रीचे मद्य त्याहून वाईट, कारण ते शरीरातील पाणी कमी करते. आग्रहाला नाही म्हटले तर यजमान रागावतील, ही भीतीही अनाठायी आहे. रागावण्याजोगे वर्तन वेगळेच असते. ‘आज नको, पाण्याक जोर आसा’ असे यजमान सांगतात तेव्हा ‘इतक्या लांबून आलो, पैसेही भरले’ म्हणून त्यांना भरीला घालणे हा त्यांच्या भिडस्तपणाचा गैरफायदा आहे. दर्यावर हयात घालवलेल्या घराचा नकार हा पाहुणचारातील सर्वांत मोलाचा भाग मानावा.

शेवटचा गैरसमज परतीच्या वाटेवरचा. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो; दाब घाईने कमी झाला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. बुडीनंतर लगेच विमानात बसू नये, एका बुडीनंतर १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबावे, हा नियम आता बऱ्याच जणांना माहीत झाला आहे. मात्र तो नियम विमानापुरता नसून उंचीचा आहे, आणि सुमारे ६०० मीटरच्या वर जाणाऱ्या प्रत्येकाला लागू होतो, हे सहसा कोणी सांगत नाही. परतीच्या घाटवाटेवरची आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. गगनबावडाही तितक्याच उंचीवर. सहा-सात मीटरवर पंधरा मिनिटे घालवलेल्या पाहुण्याच्या शरीरात नायट्रोजन फार थोडा साठतो, त्याचा धोका अल्प असतो; अभ्यासक्रमासाठी दोन दिवस १५-१८ मीटरपर्यंत बुड्या घेणाऱ्याचा मात्र तसा नसतो. कोल्हापूर किंवा बेळगावकडे घाट चढून परतायचे असेल, तर बुडी शनिवारी सकाळी घ्यावी आणि रविवार किल्ला, किनारा व यजमानांच्या स्वयंपाकघरासाठी राखून ठेवावा.