आधी परतीची वेळ ठरवा

फणसवाडी हे नाव ऐकले की वाटेल, हे फणसाचे रान असावे. पण आमची फणसवाडी मुंबईत, गिरगावच्या भागात आहे. इथे चाळी आहेत, दुकाने आहेत, माणसांची गर्दी आहे. रान पाहायचे तर आम्हांला गाडी धरून लांब जावे लागते. म्हणून दर हिवाळ्यात आम्ही दहाबारा माणसे माथेरानला पायी जातो. सकाळी डोंगर चढायचा, रानातून तळ्यापर्यंत जायचे, अन् त्याच दिवशी खाली उतरायचे.

तुम्ही म्हणाल, "चालण्याचं एवढं काय? आम्ही रोजच चालतो." खरे आहे. पण रोजची वाट पायाखालची असते. चढ कुठे, पाणी कुठे, हे ठाऊक असते. अनोळखी डोंगरावर जाताना मात्र आधी बेत आखावा लागतो. हे आम्ही फजिती झाल्यावर शिकलो.

माथेरान रायगड जिल्ह्यात आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढून गेले. पुढे तिथे थंड हवेचे गाव वसले. नेरळहून वर जाणारी छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. गाव समुद्रापासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. दस्तुरी नाक्यापर्यंत मोटारी जातात, पुढे त्यांना बंदी आहे. मग तांबड्या मातीची वाट आणि दाट झाडी. गावापलीकडे रानात शार्लट तलाव आहे. त्याच्याजवळ पिसारनाथाचे देऊळ आहे.

पहिल्या वर्षी आम्ही हिशेब केलाच नाही. नेरळला उतरून चहा घेतला, गप्पा मारल्या. निघालो तेव्हा साडेनऊ वाजले होते. तळ्यावर पोचायला अडीच वाजले. जेवण झाले, डुलकी झाली. उठलो तो चार वाजलेले. दस्तुरीला भाड्याच्या गाड्या उभ्या होत्या. पण आम्ही म्हटले, "उतारच तर आहे, पैसे कशाला घालवायचे?" अर्ध्या घाटात अंधार पडला. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या काकांचा गुडघा धरला. बारा माणसांत बॅटरी एकच. एका अंगाला दरी. काकांना दोघांनी खांद्याचा आधार दिला, अन् एकेक पाऊल चाचपत आम्ही रात्री साडेआठला नेरळ गाठले. काही झाले नाही, हे आमचे नशीब. पण नशिबावर बेत आखायचा नसतो.

आता आम्ही कसा हिशेब करतो, पाहा.

नेरळ ते माथेरान सुमारे ११ किलोमीटर. तिथून तलाव आणखी दोनएक किलोमीटर. म्हणजे जायला १३ आणि यायला १३, एकूण २६ किलोमीटर.

वेळ किती लागेल? १८९२ साली स्कॉटलंडचे डोंगर चढणारे विल्यम नेस्मिथ यांनी एक सोपा नियम सांगितला. सपाटीवर तासाला ५ किलोमीटर धरा. शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास जादा धरा. आमच्या १३ किलोमीटरला अडीच तासांहून थोडे जास्त. साडेसातशे मीटर चढाला सव्वा तास. झाले जवळजवळ चार तास. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. आमच्यात लहान मुले असतात, काका असतात. म्हणून आम्ही पाच तास धरतो. जो सर्वांत हळू चालतो, त्याची चाल ती सगळ्यांची चाल.

तळ्यावर दीड तास. उतरायला साडेतीन तास. एकूण दहा तास झाले.

आता उलटे मोजायचे. डिसेंबरात इकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. एक तास हाताशी राखायचा. म्हणजे पाचला नेरळ गाठायचे. त्यासाठी दीड वाजता माघारी फिरायचे. आणि सकाळी सातला नेरळहून निघायचे. लोकलला सुमारे दोन तास लागतात, तेव्हा पाचच्या आत बोरीबंदरला गाडीत बसायचे. गाडीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवायची.

यात एक वेळ सर्वांत मोलाची. दीड वाजला की माघारी. तळे दिसो वा न दिसो. "आता जवळच आलंय" असे कोणीतरी म्हणतेच. तरी फिरायचे. तळे कुठे पळून जात नाही.

दुसरी गोष्ट, सुटकेची वाट. दस्तुरीला आलो की सगळ्यांना विचारायचे, "कुणाचे पाय दुखतात का?" दुखत असतील तर तिथेच गाडी करायची. त्यासाठी थोडे पैसे वेगळे बांधून ठेवायचे. त्यात लाज कसली?

आता बरोबर काय घ्यायचे ते सांगतो. माणशी तीन लिटर पाणी. भाकरी, चटणी, गूळ, शेंगदाणे. दोघांमागे एक बॅटरी. जखमेला बांधायला स्वच्छ पट्टी. वहाण जुनी, पायाला बसलेली असावी. नवी वहाण पाय सोलून काढते. माथेरानला माकडे फार, म्हणून खाणे हातात धरू नये. तळ्याचे पाणी गावाला प्यायला जाते, त्यात उतरू नये. तिथे लोक बुडालेही आहेत. अनोळखी माणसांनी पावसाळ्यात हा बेत करू नये. दगड शेवाळाने निसरडे होतात.

निघण्याआधी एक कागद लिहितो. कोण कोण गेले, कुठल्या वाटेने गेले, किती वाजता परत येणार. तो घरी ठेवतो. उशीर झाला तर कुठे शोधायचे, हे घरच्यांना कळते. तुम्हांलाही आता लिहिता येते. गडावर जा, जत्रेला जा, की रानातल्या देवाला जा. असा कागद लिहून घरी ठेवा.

काका अजून आमच्याबरोबर येतात. दीड वाजला की तेच पहिल्यांदा उठतात आणि म्हणतात, "चला, घर वाट बघतंय."